फेक फॉलोअर्स शोधणारं अ‍ॅप वापरून पाहिलं. त्याने मलाच फेक ठरवलं

फेक फॉलोअर्स ओळखून एका टिचकीत साफ करून देतो, असं सांगणारी अ‍ॅप्स स्टोअरमध्ये ढिगाने पडली आहेत. लोगो वेगळा, रंग वेगळा, आत शिरलं की सगळी एकाच साच्यातली. त्यातलं एक, भरपूर तारे मिरवणारं, मी इन्स्टाग्रामसाठी वापरून पाहिलं. नाव मुद्दाम देत नाही. हे अ‍ॅप उद्या स्टोअरमधून गेलं तरी परवा त्याचं भावंड नव्या नावाने तिथे हजर असणार, आणि खाली जे लिहिलंय ते त्या भावंडालाही लागू पडेल.

आधी परीक्षा कशी घेतली ते सांगते, कारण असल्या अ‍ॅपबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथेच गंडतात. आपलं मोठं, सार्वजनिक खातं जोडतात, अ‍ॅप म्हणतं अमुक टक्के फेक, आणि हे मान डोलावतात. अहो, पण ते टक्के बरोबर की चूक, हे ठरवलं कशावरून?

माझ्याकडे दोन खाती आहेत. एक आकाशनिरीक्षणाचं, सार्वजनिक, कुणीही यावं असं. दुसरं आमच्या निरीक्षण गटापुरतं, खाजगी. या दुसऱ्या खात्यातला एकेक फॉलोअर मी स्वतः विनंती बघून आत घेतलेला आहे. सगळ्यांना ओळखते, निम्म्याहून अधिक जणांबरोबर दुर्बिणीपाशी रात्री जागवल्या आहेत. म्हणजे तिथे फेक फॉलोअर एकही नाही, हे मला पक्कं माहीत. गटातल्यांना विचारलं, दोघांनी कुरकुर केली, मग हेच खातं परीक्षेला बसवलं. मोठ्या खात्याचा पासवर्ड मी कुणा अ‍ॅपला देणार नव्हते.

हो, पासवर्ड. अ‍ॅप उघडल्याबरोबर इन्स्टाग्रामच्या पानासारखंच दिसणारं लॉगिनचं पान येतं आणि तिथे नाव-पासवर्ड भरायचा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर तो कोडही तिथेच मागतात. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

इन्स्टाग्राम बाहेरच्या अ‍ॅप्सना अधिकृत वाटेने तुमच्या फॉलोअर्सची नावं देतच नाही. पूर्वी ती वाट होती, २०१८ मध्ये ती बंद झाली. वैयक्तिक खात्यांसाठी एक छोटी फट उरली होती, तिच्यातूनही फक्त आपली माहिती आणि पोस्ट मिळायच्या, आणि तीही ४ डिसेंबर २०२४ ला बुजवली. आता व्यावसायिक किंवा क्रिएटर खात्याला अधिकृतपणे मिळतो तो फॉलोअर्सचा आकडा, आणि ते साधारण कोणत्या वयाचे, कोणत्या शहरातले याची गोळाबेरीज. नावनिशीवार यादी नाही. मग हे अ‍ॅप यादी आणतं कुठून? तुमचा पासवर्ड घेऊन, तुम्हीच आहात असं भासवून, मागच्या दाराने आत शिरतं आणि यादी खरवडून आणतं. बाहेर उभं राहून आत कोण आहे ते सांगण्याची विद्या त्याच्याकडे नाही.

आणि याची इन्स्टाग्रामला कल्पना नाही असं थोडंच आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं, की बाहेरची अ‍ॅप्स वापरून मिळवलेले बनावट लाइक, फॉलो आणि कॉमेंट काढून टाकणार, आणि ज्यांच्या खात्यांवरून हे घडतंय त्यांना पासवर्ड बदला असा संदेश जाणार. अशा अ‍ॅपला पासवर्ड दिलेल्या खात्यांकडून परस्पर दुसऱ्यांना फॉलो आणि लाइक करवले जातात, हे तेव्हाच उघड झालं होतं. म्हणजे फेक फॉलोअर्स काढायला जायचं आणि आपणच कुणाचे तरी फेक फॉलोअर बनून बसायचं!

माझ्याही बाबतीत पहिल्या तासाभरात ई-मेल आलाच, अनोळखी उपकरणावरून लॉगिन झालं म्हणून. अपेक्षितच होता.

बरं, निकाल. रंगीत चकती फिरली, टक्के वर चढत गेले, आणि अ‍ॅपने सांगितलं की या खात्यातले जवळजवळ एक चतुर्थांश फॉलोअर्स फेक किंवा संशयास्पद आहेत. जिथे एकही नाही तिथे! यादीतली पहिली काही नावं फुकट, बाकीची धूसर करून ठेवलेली, बघायची तर वर्गणी भरा. भरली. समीक्षा करायची तर पूर्ण.

त्या यादीत कोण होतं? आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका. डीपी नाही, पोस्ट एकही नाही, कधी कुणाला लाइक नाही. पण मी एकदा घाईत शुक्ल सप्तमीच्या चंद्राखाली अष्टमी लिहिलं, तेव्हा पंधरा मिनिटांत मेसेज आला तो त्यांचाच. दोन कॉलेजातली मुलं, ज्यांच्या हँडलमध्ये अंडरस्कोअर आणि आकडे खच्चून भरलेत. एक गृहस्थ, ज्यांना जगातली प्रत्येक वेधशाळा फॉलो करायची हौस आहे. आणि थोडं खाली सरकल्यावर, ‘संशयास्पद’ असा नारिंगी शिक्का घेतलेलं माझं स्वतःचं आकाशनिरीक्षणाचं खातं. त्यानंतर या अ‍ॅपवर रागावणं मला जमलंच नाही, नुसतं हसू येत राहिलं.

चूक कशी होते ते यादीकडे बघितलं की कळतं. अ‍ॅपचे निकष ढोबळ आहेत: फोटो नाही, पोस्ट नाहीत, नावात आकडे, फॉलोअर्स कमी आणि फॉलोइंग जास्त, तुमच्या पोस्टवर हालचाल नाही. यातला प्रत्येक निकष हजारो खऱ्या माणसांना लागू होतो. फोटो न लावणाऱ्या बायका किती तरी असतात, कारण सांगायची गरज नाही. नावातल्या आकड्यांचं तर विचारूच नका. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, नवं खातं उघडताना हँडल न निवडल्यास तेच तुमच्या नावापुढे आकड्यांची शेपटी जोडून देतं. ती शेपटी बदलता येते हेच पुष्कळांना माहीत नसतं.

शेवटचा निकष सगळ्यात घातक. लाइक न करणारा तो ‘घोस्ट’, आणि घोस्ट म्हणजे काढून टाकण्याच्या लायकीचा, अशी या अ‍ॅप्सची समजूत आहे. फेक आणि गप्प या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेक खात्यामागे वाचणारं माणूस नसतं. गप्प खात्यामागे असतं, ते फक्त बोलत नाही. माझ्या अनुभवात मन लावून वाचणारे बरेचसे याच दुसऱ्या जातीतले. अ‍ॅपची झाडणी झाली असती तर तेच आधी गेले असते, आणि दर पोस्टखाली आगीच्या ज्वाळांचे इमोजी टाकणारे बॉट, म्हणजे यंत्राने चालवलेली खाती, सुखरूप राहिले असते, कारण त्यांची ‘एंगेजमेंट’, म्हणजे लाइक-कॉमेंटची हालचाल, उत्तम!

न्यायाने एवढं सांगायला हवं की हे काम मुळात अवघड आहे, भल्याभल्यांना जमलेलं नाही. इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांचं बोटोमीटर २०१४ पासून ट्विटरवरची खाती तपासायचं. एखाद्या खात्याची वागणूक बॉटसारखी किती, याचा अंदाज ते गुणांत द्यायचं. अमुक खातं बॉट आहे असा निवाडा नव्हे. त्यात इंग्रजी मजकुरावर आधारलेले गुण वेगळे आणि भाषा बाजूला ठेवून काढलेले गुण वेगळे दाखवायची सोय होती, कारण इंग्रजीवर शिकलेलं यंत्र दुसऱ्या भाषेतलं लिखाण बघून गोंधळतं. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. माझ्या खात्यावरचा तो नारिंगी शिक्का कुठून आला असेल, याचा मला त्यावरून थोडा अंदाज आहे.

२०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घ्यायला घेतलं तेव्हा तर हा वाद कोर्टात गेला. ट्विटरचं म्हणणं, आमच्या रोजच्या वापरकर्त्यांत खोटी आणि स्पॅम खाती पाच टक्क्यांहून कमी. त्याच वर्षी मे महिन्यात स्पार्कटोरो आणि फॉलोअरवाँक या खाती-फॉलोअर्स तपासणाऱ्या दोन सेवांनी मिळून ४४,०५८ चालू खाती तपासली आणि आकडा काढला १९.४२ टक्के. दोघांपैकी एक खोटं बोलत होता असं मानायची गरज नाही. मोजलेली खाती वेगळी, ‘फेक’ची व्याख्या वेगळी. तेव्हा कुठलंही अ‍ॅप ‘तुमचे २६ टक्के फेक’ असं ठामपणे सांगायला लागलं, की पहिला प्रश्न विचारायचा: कुणाचे टक्के, आणि फेक म्हणजे काय?

आता ते ‘एका टिचकीत साफ’ बटण. ते मी आमच्या खाजगी खात्यावर दाबलं नाही, उघड आहे. पण ते कसं चालतं ते समजून घ्या: अ‍ॅप तुमच्या वतीने एकामागून एक फॉलोअर काढत सुटतं, यंत्राच्या वेगाने. माणूस असं करत नाही हे इन्स्टाग्रामला कळतं, आणि मग खात्यावर तात्पुरती बंदी येते, काही काळ फॉलो नाही, लाइक नाही. बॉट पकडायला गेलेलं खातं स्वतः बॉटसारखं वागताना पकडलं जातं. अ‍ॅपला एक तारा, तोही चकतीचा रंग छान होता म्हणून.

दुसरा प्रकार म्हणजे पासवर्ड न मागणाऱ्या तपासणीच्या वेबसाइट. खात्याचं नाव टाका, गुण घ्या. यात मी सार्वजनिक खातं निर्धास्त तपासलं. या सेवा उघड दिसणारी माहिती घेतात: फॉलोअर्सचा आलेख, लाइक आणि कॉमेंटचं प्रमाण, काही फॉलोअर्सचा नमुना. त्यावरून अंदाज बांधतात. हाइपऑडिटरसारख्या नावाजलेल्या सेवाही मुळात जाहिरातदारांसाठी आहेत. एखाद्या इन्फ्लुएन्सरला काम द्यायच्या आधी त्याचे फॉलोअर्स खरे आहेत का हे बघायला. त्या कामाला ठीक. पण खात्याच्या मालकाला हवं असतं ते ‘कोण’, आणि या सांगतात ‘साधारण किती’. मी दोन छोट्या, फुकट वेबसाइटवर एकाच संध्याकाळी तेच खातं टाकलं, तर एकीने दिलेला फेकचा आकडा दुसरीच्या दुपटीहून जास्त होता. अडीच तारे. करमणूक म्हणून बघावं, निर्णय घेऊ नये.

मग काम कशाने झालं? इन्स्टाग्रामच्याच दोन सोयींनी, ज्यांची जाहिरात कुणी करत नाही.

पहिली: सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती उतरवून (डाउनलोड करून) घ्यायची सोय. सगळी माहिती मागवायची गरज नाही, फक्त फॉलोअर्स आणि फॉलोइंग निवडा, कालावधी ‘सगळा’ ठेवा, आणि वाचता यावं म्हणून एचटीएमएल हा प्रकार घ्या. फाइल तयार झाली की ई-मेल येतो. आत फॉलोअर्सची यादी असते, आणि प्रत्येक नावाखाली त्याने तुम्हाला कधी फॉलो केलं ती तारीख आणि वेळ. बस्स, एवढंच. कुठलाही शिक्का नाही, चकती नाही. पण या तारखांमध्ये जे दिसतं ते कुठल्याही टक्क्यात दिसत नाही.

माझ्या यादीत दोन मोठे उंचवटे दिसले. एक ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाच्या आसपासचा. तेव्हा टाकलेली रील बरीच फिरली होती, लोक आले, ते दोन-तीन दिवसांत पसरलेले, कधी सकाळी चार जण, कधी दुपारी दहा जण, असे. त्यातले बहुतेक खरे. दुसरा उंचवटा अशा एका रात्रीचा, जेव्हा मी काहीच टाकलं नव्हतं, आकाशातही काही नव्हतं. तासाभरात शेकडो नावं, मिनिटाला ठरावीक हप्त्याने आल्यासारखी. तिथेच काय ते समजलं. ते माझ्याकडे का आले असतील? बॉटच्या फौजा पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकालाच फॉलो करत नाहीत. माणसासारखं दिसावं म्हणून अधूनमधून भलत्यांनाही करतात. आपण त्यांच्या वेषांतराचा भाग.

तरीही त्या रात्रीची सगळी नावं मी सरसकट काढली नाहीत. तिथे दुसरी सोय कामी आली. कुठल्याही प्रोफाइलवर वरचे तीन ठिपके दाबले की ‘या खात्याबद्दल’ असा पर्याय मिळतो. त्यात खातं कधी उघडलं, ते कोणत्या देशातून चालतं असं इन्स्टाग्रामला वाटतं, आणि आधी किती वेळा नाव बदललं, हे बहुतेक खात्यांसाठी दिसतं. एकाच महिन्यात उघडलेली, पुन्हा पुन्हा नाव बदललेली खाती ओळीने समोर आली की शंका राहत नाही. शिवाय फॉलोइंगचा आकडा बघायचा. इन्स्टाग्रामवर कुणालाही ७,५०० पेक्षा जास्त खाती फॉलो करता येत नाहीत. ज्यांचं फॉलोइंग ७,४८० आणि फॉलोअर्स तीस, ते खातं मर्यादा गाठेपर्यंत राबवलेलं आहे. वेधशाळांचे हौशी गृहस्थसुद्धा तिथपर्यंत पोचत नाहीत.

फोटोंबद्दल एक गंमत. संगणकाने बनवलेले चेहरे, २०१९ पासून जे सगळीकडे दिसू लागले त्या पिढीतले, एकापुढे एक ठेवले तर डोळे चौकटीत बरोबर त्याच जागी येतात. कानातली एका कानात एक, दुसऱ्यात दुसरं. मागचा देखावा विरघळलेला. हल्ली नव्या पद्धतीने बनवलेल्या चित्रांत ही खूण उरलेली नाही, पण जुन्या फौजा अजून त्याच चेहऱ्यांनी हिंडतायत. चोरलेला फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाकून मूळ चेहरा सापडू शकतो. हे मी मोजक्याच खात्यांसाठी केलं. प्रत्येकासाठी करत बसलात तर तुमचं उरलेलं आयुष्य फॉलोअर्सनाच वाहाल.

काढायची पद्धत सोपी आणि कंटाळवाणी. फॉलोअर्सच्या यादीत नावापुढचं ‘रिमूव्ह’ दाबायचं. समोरच्याला कळवलं जात नाही. काही खात्यांना यादीच्या वरच तपासणीसाठी बाजूला काढलेले संशयित फॉलोअर्स दिसतात, ते एकत्र काढता येतात. तिथेही नावं वाचूनच काढा. खातं सार्वजनिक असेल तर काढलेला बॉट पुन्हा येऊ शकतो, म्हणून जो हमखास फेक आहे त्याला ब्लॉक करून स्पॅम म्हणून रिपोर्ट केलेलं चांगलं. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका, रोज थोडे करा, म्हणजे बंदीची भानगड येत नाही. एक्सवर (तेव्हाच्या ट्विटरवर) फॉलोअर काढायची ही सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. त्याआधी लोक ब्लॉक करून लगेच अनब्लॉक करायचे, परिणाम तोच.

या पद्धतीला चार तारे. पाचवा कापला, कारण वेळ फार जातो.

साफसफाईनंतर रीच, म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचते तो आकडा, दुपटीने वाढेल असं अ‍ॅपवाले छातीठोकपणे सांगतात. माझ्या खात्यावर सांगण्यासारखा फरक दिसला नाही. एंगेजमेंटची टक्केवारी वाढली, पण ती वाढणारच. भागाकारातला छेद लहान केला की उत्तर मोठं येतं, त्यात इन्स्टाग्रामची कृपा नाही. मला झालेला फायदा एवढाच की इनसाइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्रामच्या आकडेवारीच्या पानावर, फॉलोअर्स कोणत्या वेळी जागे असतात याचा आलेख आता शहाण्यासारखा दिसतो. रात्री पोस्ट कधी टाकायची ते ठरवायला तो मला खरोखर लागतो.

फॉलोअर्सचा आकडा घसरला म्हणून वाईट वाटणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने खोटी खाती झाडली तेव्हा खुद्द इन्स्टाग्रामच्याच खात्याचे जवळपास १ कोटी ९० लाख फॉलोअर्स गेले होते, जस्टिन बीबरचे पस्तीस लाख. जुलै २०१८ मध्ये ट्विटरने संशयावरून कुलूपबंद केलेली खाती मोजणीतून वगळली, तेव्हा बहुतेकांचे चार किंवा त्याहून कमी फॉलोअर्स कमी होतील असं सांगितलं होतं, आणि बड्या नावांचे लाखांनी गेले. विकणाऱ्यांवरही हात पडलाय: डेव्हुमी ही फॉलोअर्स विकणारी कंपनी २०१८ मध्ये उघडी पडली, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर आणि तिच्या मालकावर कारवाई केली. २०२४ मध्ये त्याच कमिशनने बनावट फॉलोअर्सची व्यापारी खरेदी-विक्री रोखणारा नियमही आणला. धंदा थांबलाय असं मात्र माझं फॉलोअर्सचं पान बघून वाटत नाही.

कुणी आधीच असलं अ‍ॅप टाकून बसलं असेल, तर नुसतं अ‍ॅप उडवून भागत नाही. आधी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदला. मग अकाउंट्स सेंटरमध्ये ‘कुठे लॉगिन आहे’ ती यादी उघडून अनोळखी उपकरणं बाहेर काढा. तोच पासवर्ड ई-मेललाही ठेवला असेल तर तोही बदला. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि तिचा कोड इन्स्टाग्रामखेरीज कुठेच भरू नका. आणि वर्गणी घेतली असेल तर ती स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वेगळी रद्द करा. अ‍ॅप फोनमधून गेलं तरी वर्गणी चालूच राहते.